यादीतले पाच शब्द आणि शनिवारची दुपार

ताई,

तुमच्यापेक्षा मी बरीच लहान आहे, तेव्हा ‘तू’च म्हणा. वय ३३. माझे वडील तुर्भ्याला बाजार समितीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी होते, शेवटची बरीच वर्षं टोळीचे मुकादम. आम्ही मूळचे पाटण तालुक्यातले, मी वाढले कोपरखैरण्याला माथाडी वसाहतीत. घराण्यातली पहिली इंजिनिअर. लग्न होऊन ठाण्यात नौपाड्याला आले. नोकरी ऐरोलीला, सॉफ्टवेअर टेस्टिंगची टीम लीड आहे. मुलगी पहिलीत आहे.

मागच्या महिन्यात ऑफिसात एक दिवसाची कार्यशाळा झाली. साठेक शब्दांचा कागद दिला आणि सांगितलं, यातली तुमची पाच मूल्यं निवडा, क्रम लावा. मी लिहिलं: कुटुंब, प्रामाणिकपणा, प्रगती, समतोल, कृतज्ञता. शेजारी बसलेल्या मुलाचीही जवळपास हीच पाच. घरी येऊन तो कागद पुन्हा पाहिला आणि कसंतरीच झालं. ही मी निवडली, की निवडायला हवीत म्हणून निवडली?

एरवी विषय सोडून दिला असता. पण त्याच आठवड्यात मला मॅनेजरची जागा देऊ केली. पगार बराच वाढतो, वेळ मात्र दुपारी दोन ते रात्री अकरा. सासूबाई म्हणतात, पोरगी लहान आहे, आत्ता कशाला हवंय हे. बाबा म्हणतात, ‘बाळा, मिळतंय ते घे, आम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही.’ नवरा म्हणतो, तुला काय हवंय ते सांग, मी आहे. आणि मला नेमकं तेच सांगता येत नाही.

मला कुणालाच नाही म्हणता येत नाही, हाही प्रॉब्लेम आहे. शनिवारी माहेरी गेले की वसाहतीतल्या मंडळाच्या खोलीत जाऊन बसावं लागतं. कुणाचा फंडाचा अर्ज, कुणाच्या पोराचा स्कॉलरशिपचा फॉर्म. सगळी दुपार जाते. लहानपणी बाबांच्या टोळीचा हिशेब वहीत उतरवायचे, तेव्हापासूनची सवय असेल. बरं, ऑफिसात नाही म्हटलं तर काय होतं तेही पाहिलंय. गेल्या वर्षी रिलीजच्या, म्हणजे सॉफ्टवेअर बाहेर द्यायच्या, आदल्या रात्री वरून सांगितलं, उरलेल्या टेस्ट ‘पास’ दाखव, नंतर बघू. मी नाही दाखवल्या. रिलीज दोन दिवस लांबला, माझं रेटिंग घसरलं, अडेलतट्टू म्हणून नाव पडलं ते वेगळंच.

माझी एक मैत्रीण नोकरी सोडून महापालिकेच्या शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवायला जाते. तिचे फोटो पाहिले की जळते मी, खोटं कशाला बोलू?

ताई, आपली मूल्यं शोधायची कशी? मला दोन आठवड्यांत ऑफिसला उत्तर द्यायचंय.

— एक वाचक

*

प्रिय मैत्रिणी,

‘मला कुणालाच नाही म्हणता येत नाही’ असं तू लिहिलंस, आणि त्याच परिच्छेदात पुढे लिहिलंस की रिलीजच्या आदल्या रात्री तू वरिष्ठांना नाही म्हणालीस. तेही रेटिंग पणाला लावून, सगळे डोळे तुझ्याकडे लागलेले असताना. तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही, कारण तो प्रसंग तू तक्रारीच्या सुरात सांगून टाकलास. माझ्या मते तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या रात्रीत आहे. तिथे येतेच, पण आधी त्या कागदाचं बघू, कारण त्याने तुला उगाच खजील केलंय.

शब्दांची यादी द्यायची आणि क्रम लावायला सांगायचं, ही रीत बरीच जुनी आहे. मिल्टन रोकीच या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाने १९७३ सालच्या आपल्या अभ्यासात १८-१८ मूल्यांच्या दोन याद्या मांडल्या होत्या. एकीत आयुष्यात काय मिळावं ते, दुसरीत माणसाने कसं वागावं ते. पुढे जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले शालोम श्वार्ट्झ यांनी अनेक देशांतल्या लोकांची उत्तरं ताडून पाहिली आणि १९९२ मध्ये मूल्यांचे दहा प्रकार मांडले. स्वतःचं स्वतः ठरवणं, नवं अनुभवणं, सुख, यश, सत्ता, सुरक्षितता, चारचौघांची रीत पाळणं, परंपरा, आपल्या माणसांचं भलं आणि सगळ्यांचं भलं, असे ते दहा. त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पुढे एक गोष्ट वारंवार दिसली. देश कुठलाही असो, बहुतेक ठिकाणी लोक आपल्या माणसांचं भलं अगदी वर ठेवतात आणि सत्ता तळाशी.

तेव्हा शेजारच्या मुलाची यादी तुझ्याशी जुळली, यात तुझा खोटेपणा कुठेच नाही. कुटुंब आणि प्रामाणिकपणा हे शब्द ठाण्यातल्या दहा जणांना विचारलेस तर नऊ जण लिहितील, आणि मनापासून लिहितील. अडचण अशी, की सगळ्यांना लागू पडणाऱ्या शब्दांतून तुझं असं काही कळत नाही. श्वार्ट्झनी हे दहा प्रकार वर्तुळात मांडले ते याचसाठी. शेजारशेजारचे प्रकार एकमेकांना धरून चालतात, समोरासमोरचे एकमेकांना ओढतात. यश आणि सत्ता यांच्या समोर इतरांचं भलं येतं. सुरक्षितता, रीत, परंपरा यांच्या समोर स्वतः ठरवणं आणि नवं करून पाहणं येतं. कार्यशाळेत तुला काय हवं ते विचारलं. दोन हव्याशा गोष्टी एकाच वेळी समोर आल्या आणि एकच हाती राहणार असेल, तर कुठली सोडशील, हे विचारलं नाही. आयुष्यात मात्र तोच प्रश्न येतो, आणि तुला तो गेल्या वर्षी येऊन गेलाय.

आता ती रात्र. तुझ्या यादीतल्या ‘प्रगती’चा मान राखायचा तर टेस्ट पास दाखवून घरी जाणं सोयीचं होतं. ‘समतोल’ म्हणूनही तेच, घरी मुलगी वाट पाहत होती. वरिष्ठांचा शब्द मोडू नये, हे तर आपल्याला पाळण्यापासून शिकवलेलं असतं. या सगळ्यांनी एकीकडे ओढलं आणि तू दुसरीकडे गेलीस. जे झालंच नाही ते झालं म्हणून लिहायचं नाही, एवढ्यासाठी. याला प्रामाणिकपणा म्हण हवं तर, पण मला तो शब्द फार पसरट वाटतो. तुझी गोष्ट त्याहून नेमकी आहे: ज्या कागदावर दुसरा माणूस विसंबणार आहे, त्यावर खोटी नोंद माझ्या हातून होणार नाही. 

आणि हे कुठून आलं, तेही तू लिहून गेली आहेस. लहानपणी टोळीचा हिशेब वहीत उतरवायचीस. जरा ती वही डोळ्यांपुढे आण. आज कुणाची हजेरी, किती गाड्या खाली झाल्या, वाराई, म्हणजे माल उतरवायची मजुरी, किती जमली, कुणाच्या वाट्याला किती आले. मुकादमाच्या पोरीच्या हातून एक आकडा चुकला असता, तर दिवसभर पाठीवर गोण्या वाहिलेल्या एखाद्या माणसाच्या घरी त्या आठवड्यात कमी पैसे गेले असते. हे तुला कुणी शिकवायला बसलं नसेल. अक्षर गिरवता गिरवता अंगात भिनलं असेल.

मला विचारशील तर शनिवारची दुपारही त्याच वहीचं पुढचं पान आहे. तू लिहितेस ‘बसावं लागतं’. असेल. लोक गृहीत धरतात, तुला दमायला होतं, मान्य. पण आठवून बघ, फंडाचा अर्ज भरताना एखाद्या काकांचा नोंदणी क्रमांक जुळला नाही, तर तू काय करतेस? फॉर्म परत देऊन ‘कार्यालयात विचारा’ म्हणतेस, की जुनी पावती आणायला लावून छडा लावतेस? तुझा स्वभाव पाहता मला दुसरंच वाटतं. नुसत्या भिडेपोटी बसणारा माणूस एवढं करत नाही. एक साधी कसोटी लाव: समजा वसाहतीतल्या कुणालाही कधी कळणार नसतं की हे काम तू केलंस, आईबाबांनाही नाही, तरी ते करावंसं वाटलं असतं का? ‘हो’ आलं तर ते तुझं आहे. ‘नाही’ आलं तर भीड आहे, आणि ती हळूहळू कमी करायला हरकत नाही. अर्ध अर्ध असेल, बहुधा तसंच निघेल, तर महिन्यातले दोन शनिवार ठेव आणि दोन मोकळे घे. मग बघ, मोकळ्या शनिवारी सुटल्यासारखं वाटतं की चुकल्यासारखं.

हीच कसोटी यादीतल्या बाकीच्या शब्दांना लाव. ‘कृतज्ञता’पाशी तू अडखळशील असा माझा अंदाज आहे. पहिल्या पिढीत शिकून वर आलेल्या मुलामुलींच्या यादीत हा शब्द फार येतो, आणि पुष्कळदा त्याच्या पोटात ओझं असतं. आईबाबांनी एवढं सोसलं, आता मी त्यांना नाही कसं म्हणू? तुझ्या बाबांचं ‘मिळतंय ते घे’ तुला इतकं जड जातं ते त्यामुळेच.

त्या वाक्याबद्दल थोडं बोलू दे, कारण घाईत लोक त्याला हाव समजतात. १९६९ मध्ये माथाडी कायदा आला. त्याआधी पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसाला ठरलेला मालक नव्हता, फंड नव्हता, भरपगारी सुट्टी नव्हती. आज गाडी आली तर काम, नाही तर हात हलवत घरी. अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी संघटना बांधली, कायद्याने मंडळं आली, कामगारांची आणि मालकांची नोंदणी सुरू झाली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, फंड आणि ग्रॅच्युइटी आली. तुझ्या बाबांनी पहिले दिवस स्वतः पाहिले असोत की वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले असोत, ‘आलेलं काम सोडू नये’ हे त्यांनी कष्टाने कमावलेलं शहाणपण आहे. त्यांच्या आयुष्यात ते शंभर टक्के खरं होतं. पण सुरक्षितता त्यांनी तुला मिळवून दिली, म्हणूनच आज तुला विचार करायला दोन आठवडे मिळताहेत. त्यांच्या गरजेतून आलेला क्रम तुझ्यावर जसाच्या तसा बंधनकारक नाही. आणि त्यांच्याकडून घेतलेलं सगळंच परकं असतं असंही समजू नकोस. हिशेबाची वही त्यांचीच, पण ती तू रेटिंग घालवून स्वतःची केलीस. ‘मिळतंय ते घे’ हे अजून त्यांचंच आहे. त्याच्यासाठी तू काही सोसलेलं निदान या पत्रात तरी दिसत नाही.

सासूबाईंच्या वाक्याचं मात्र वेगळं आहे. ‘पोरगी लहान आहे’ हे खरं आहे, पण ते फक्त तुला ऐकवलं जातंय. तुझ्या नवऱ्याला बढती आली असती तर कुणी मुलीचं वय काढलं असतं का? त्या वाक्याने पोटात जी कालवाकालव होते, ती अपराधीपणाची आहे. तिला मूल्य समजून निर्णय घेतलास तर पाच वर्षांनी त्याचा राग मुलीवर निघेल, हे मी अनेक पत्रांत वाचलंय. त्यामुळे ‘कुटुंब’ हा शब्द जरा बाजूला ठेव आणि संध्याकाळकडे बघ. सात ते नऊ या वेळात तुझ्या घरी काय चालतं? तुला त्यातलं काय प्रिय आहे? अभ्यास घेणं, जेवायला एकत्र बसणं, की झोपताना तिने शाळेतलं सगळं सांगणं? दुपारी दोनची शिफ्ट म्हणजे तू एकच्या सुमाराला घर सोडणार आणि परतायला मध्यरात्र होणार. मुलीची शाळा सकाळची असेल तर आठवड्यातले पाच दिवस तुमची भेट जेमतेम. यातली एखादी गोष्ट गेली तर जीव कळवळेल, अशी असेल तर ते तुझं स्वतःचं उत्तर आहे, सासूबाईंचं नव्हे. आणि नवऱ्याच्या हातात ती संध्याकाळ निर्धास्त देता येईल असं वाटलं, तर तेही तुझंच. ‘मी आहे’ म्हणणाऱ्या माणसाला एकदा विचार, आहेस म्हणजे सोमवार ते शुक्रवार साडेसहाला घरी आहेस का?

मैत्रिणीचा हेवा वाटतो, हे तू लपवलं नाहीस ते फार बरं केलंस. हेव्याला आपण पाप समजून झाकून टाकतो, आणि त्यातून जे कळलं असतं ते राहून जातं. तुझ्या कितीतरी ओळखीच्यांनी गाड्या घेतल्या असतील, घोडबंदरला फ्लॅट घेतले असतील, परदेशी गेले असतील. त्यांचे फोटो पाहून तू जळतेस असं काही तू लिहिलेलं नाहीस. जळतेस ती महापालिकेच्या शाळेत शिकवणाऱ्या मुलीवर. नेमकं कशावर? ती मुलांमध्ये असते यावर, तिच्या कामाचा उपयोग समोर दिसतो यावर, की तिने स्वतःच्या मनाने ठरवलं यावर? हे मला इथून सांगता येणार नाही, तूच बघ. एखादा फोटो उघड, मनात काय टोचतं ते एका वाक्यात लिही. ‘नोकरी सोडावीशी वाटते’ एवढ्यावर थांबू नकोस, कारण ते बहुतेकदा खरं उत्तर नसतं.

हे सगळं दोन आठवड्यांत कसं बसवायचं? रोज बसून आत्मचिंतन करायला सांगणार नाही, तुला तेवढा वेळ नाही. एका रविवारी मोबाइलवर गेल्या तीन महिन्यांचा यूपीआयचा हिशेब आणि कॅलेंडर उघड. जिथे पैसा किंवा मोकळा वेळ कुणी न मागता गेला, तिथे खूण कर. दुसऱ्या एका संध्याकाळी गेल्या काही वर्षांत ज्या दोन-तीन गोष्टींचा संताप आला आणि अजून गेलेला नाही, त्या लिही. संताप जिथे टिकून राहतो, तिथे आपलं काहीतरी दुखावलेलं असतं. या दोन कागदांवर जे सारखं येईल, ते शब्दांच्या यादीपेक्षा भरवशाचं धर. क्रम कायमचा ठरतोय असं मात्र समजू नकोस. मुलगी दहावीत जाईल तेव्हा संध्याकाळचं वजन आजच्याइतकं राहणार नाही, आणि तेव्हा तू वेगळं ठरवलंस तर त्यात काही चूक नसेल.

आता बढतीचं. ‘करिअर की घर’ असा प्रश्न तुझ्याभोवती सगळ्यांनी मांडलाय आणि तूही तो तसाच घेतलास. तुझं पत्र वाचून मला त्याच्याआधीचा एक प्रश्न दिसतो. मॅनेजर झाल्यावर रिलीज थांबवायचा अधिकार तुझ्याकडे येणार, की ‘पास दाखव’ हा निरोप खाली पोचवायचं काम तुझ्याकडे येणार? पहिलं असेल, तर ही जागा तुझ्यासारख्या बाईच्या हातात जायलाच हवी, आणि त्यासाठी काही संध्याकाळी गेल्या तरी तू त्या भरून काढशील. तुझ्या टीममधल्या एखाद्या पोरावर तशी रात्र आली, तर त्याच्या पाठीशी उभं राहायला कुणीतरी असेल. दुसरं असेल, तर वाढलेला पगार तुला सुख देणार नाही. त्या एका रात्री जे नाही म्हणालीस, ते दर रिलीजला म्हणावं लागेल, नाही तर म्हणणं सोडून द्यावं लागेल. तिथे गेलीस तर तू आतून खंगशील, असं मला ठामपणे वाटतं. ‘मॅनेजर होणं’ ही एकदा गाठली की संपणारी गोष्ट आहे. खोटी नोंद न करणं हे काम रोजचं आहे, आणि त्याला जागा कुठे आहे ते आधी पाहायला हवं.

बाबांशी बोलताना ‘मला नको वाटतंय’ असं मोघम सांगू नकोस, त्यांना ते लाड वाटतील. त्यांना त्या रात्रीचं सांग. माझा अंदाज आहे की रेटिंग घसरल्याचं तू त्यांना सांगितलेलंच नाहीस. टोळीचा हिशेब राखलेल्या माणसाला खोट्या नोंदीचं लगेच कळेल. त्यानंतर ते काय म्हणतात ते ऐक. कदाचित ‘घे’ असंच म्हणतील, पण तेव्हा त्यांना सगळं माहीत असेल.

ऑफिसला होकार-नकार कळवण्याआधी तीन गोष्टी विचारून घे. रिलीजवर शेवटची सही कुणाची. दोन ते अकरा ही वेळ रोजची, की क्लायंटचे कॉल असतील तेवढ्याच दिवसांची, आणि आठवड्यातले दोन दिवस सकाळची शिफ्ट मिळेल का. तिसरं, पहिले तीन महिने करून पाहून परत आत्ताच्या जागेवर येता येईल का. तिन्ही प्रश्न तोंडी न विचारता मेलवर विचार, म्हणजे उत्तरंही लेखी येतील.